शंभर टक्के जुळणी

३ फेब्रुवारी, अमरावती
'बायोइन्फर्मॅटिक्सची ओळख' हा वर्ग सरांनी माझ्यावर आणि धर्मेंद्रवर सोपवला. विद्यार्थी सगळ्या शाखांचे. कृषी, कॉमर्स, इतिहाससुद्धा. जीवशास्त्र मी शिकवणार, कॉम्प्युटर तो. जोडी सरांनी मुद्दाम लावली असणार. निश्चय : शेवटच्या दिवशी त्याला मनातलं सांगायचं. उत्तर मला माहीत आहे.

४ फेब्रुवारी
डीएनए म्हणजे चारच अक्षरांत लिहिलेलं लांबलचक पत्र, कॉम्प्युटर ते वाचायला मदत करतो, असं समजावलं. इतिहासवाल्या देवमननं विचारलं, पत्र कोणी कोणाला लिहिलं? धर्मेंद्र मागे बसून हसला. माझ्याकडे पाहूनच.
अकोल्याला आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुहं झालं वं. तो काय म्हणते?"
आई चौथी शिकलेली. घरातली पहिली पदवीधर मी. या गोष्टी तिला हळूहळू कळतील.

५ फेब्रुवारी
धर्मेंद्रला म्हटलं, पुढे वरूडच्या संत्र्यांवर मिळून संशोधन करू. "चालेल," म्हणाला. मोबाइलमधून मान वर केली नाही. लाजाळू आहे.
पेपरवर आमची नावं शेजारी कशी दिसतील ते वहीत लिहून पाहिलं. शोभतात.

७ फेब्रुवारी
आज मुख्य प्रात्यक्षिक. संत्रा आणि लिंबू, दोघांचा एकच जीन घेऊन अक्षरं एकाखाली एक मांडायची, किती जुळतात ते पाहायचं. पडद्यावर आलं, शंभर टक्के. असं नातं निसर्गात विरळाच, यावर मी दहा मिनिटं बोलले. बहुतेक धर्मेंद्रकडे बघूनच.
मग कॉमर्सची करिश्मा उठली. "ताई, दोन्हीकडे संत्र्याचीच फाइल टाकली तुमी."
सगळे हसले. धर्मेंद्र सगळ्यात जास्त. आपलं माणूसच असं मोकळं हसतं.

८ फेब्रुवारी
वर्ग संपला. बसस्टँडवर त्याला सांगितलं. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "मी कधी असं काही बोललो का?"
मी आठवायला लागले. तेवढ्यात अचलपूरची गाडी लागली. तो गेला.

त्याच दिवशी, संध्याकाळ
खोलीवर येऊन वर्षभराचे मेसेज वरपासून वाचले. त्याचे : हो. चालेल. स्लाइड पाठव. बाकी सगळे माझे.
करिश्माला एका नजरेत दिसलं असतं.

९ फेब्रुवारी, अकोला
आईनं या वेळी काही विचारलं नाही. ताट वाढलं. मी सांगायला लागले, वर्ग फार छान झाला.
"जेव पयले," म्हणाली.