छातीवरची जागा

राणीसावरगाव,
दि. १८ जानेवारी २०२५

लाडक्या सविताला,

अक्काचे अनेक आशीर्वाद. तुमी सगळे बरे असाल. इकडं थंडी लय हाय. तूर निघाली. भक्ती बाळंतपणाला माहेरी आलेली हायच. फोन सोडून पत्र लिहायलेय, कारण खोली एकच, अन् तुझ्या दाजींचे कान अजून धड हायत.

दिवाळीला येऊन तू त्यांना तुझ्या त्या चिनी इलाजाच्या सुया टोचल्यास, जाताना मला ती जागा दाखवलीस. दोन्ही थानांच्या मधोमध, हाडावर, दाबलं की दुखतं तिथं. दम, खोकला, छातीतला कोंडमारा, बाळंतिणीचं दूध, मनातलं दुःखसुद्धा. चिनी वैद्य पहिल्यापासून या सगळ्याला तीच जागा धरतात, म्हणलीस.

भक्तीला दूध येत नव्हतं. बाळ रडून रडून घसा बसवून घ्यायचं. मी रोज तिची ती जागा चोळली, अळिवाची खीर चारली. आठवडाभरात पोरीचा पदर भिजला. कशानं ते देव जाणे, पण मी तुझंच नाव घेतलं.

दाजींचं तू फोनवर विचारतीस, मी "फरक हाय" म्हणते.

फरक न्हाई, सविता. खडीच्या क्रशरवर उभी हयात गेली, सगळी भुकटी आत बसलीय. परभणीच्या डॉक्टरनं छातीचा फोटो बघून मला एकटीला बोलावलं. म्हणाले, "बाई, आता घरी न्या. आवडेल ते खाऊ घाला." हे मी भक्तीलाबी सांगितलं न्हाई.

त्यांना न सांगता कळलंय. परवा मी दाबायला बसले तर हात धरला. "अगं, यानं मला काय होत न्हाई. तुला बरं वाटतं म्हणून गप पडतो." मग म्हणाले, "नातू दे जरा छातीवर."

दिला. केवढासा जीव तो! पण त्यांना श्वासच घेता येईना, ओठ काळे पडले. "उचल, उचल," म्हणाले अन् भिंतीकडं तोंड केलं. तेव्हापून बाळाला जवळ मागत न्हाईत. ते रडलं की खाटेवरून हात खाली सोडतात अन् नुसती बोटं हलवतात.

आता मी दाबत न्हाई. नुसता हात ठेवून बसते. तेवढंबी ओझं होतं का, हे विचारायची छाती होत न्हाई.

शिमग्याची वाट बघू नको. त्यांचं बोलणं चालू हाय तोवर येऊन जा.

तुझी,
अजून तरी कुंकू लावणारी,
मनकर्णाअक्का