नवरीचे केस मीच करणार

रविवार, १४ एप्रिल
चर्चच्या पायरीवर ओडेसाने गाठलं. (मोठी बहीण. बोलते फार.) म्हणाली, कॉरिनचं लग्न बावीस जूनला, दुपारी दोनला. माझ्या एकुलत्या एका मुलीचं लग्न, आणि सगळ्या चर्चला कळल्यावर मला कळतं. पण कॉरिनला मला सरप्राइझ द्यायचं असणार. ओडेसाच्या पोटात काही राहत नाही.

निश्चय: लग्नात कॉरिनचे केस मीच करणार. बेचाळीस वर्षं न्हाव्याचं काम करतोय, मेम्फिसमध्ये स्वतःचं दुकान आहे. तीन पास्टर आणि एक न्यायाधीश माझ्या हाताखालून गेलेत. सगळे पुरुष, हे खरं. पण डोकं ते डोकं.

शिवाय ती लहान असताना तिचे केस मीच करायचो. दर शनिवारी.

सोमवार, १५ एप्रिल
दुकान बंद. नवी वही आणली. संध्याकाळपर्यंत अकरा कल्पना. डोक्याभोवती जाड वेणीचा मुकुट. माझ्या आईसारख्या कपाळावर चापून बसवलेल्या लाटा. उंच अंबाडा आणि त्यातून कारंज्यासारखी सुटलेली बटांची जोडी (ही माझी स्वतःची, कुठेही पाहिलेली नाही). सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत भारी: सरळ, चकचकीत, खांद्यापर्यंत. लोरेनचे आमच्या लग्नात होते तसे. लोरेन म्हणजे कॉरिनची आई. जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली.

मंगळवार, १६ एप्रिल
कॉरिनला फोन केला. म्हणाली, अमोस, मी वॉर्डात आहे, लवकर बोला. (नर्स आहे.) नावाने हाक मारते. हल्ली मुलं बापाशी मित्रासारखी वागतात. मला आवडतं.

केसांचं सांगितलं. तर म्हणे ठरलंय. शावॉन नावाची कोणी बाई आहे, ती करणार. आपलेच कुरळे, वर घेऊन बांधायचे, त्यात मोती आणि मागे व्हेल, म्हणजे नवरीची जाळीची ओढणी. सहा वर्षं केस सरळ करायला ना औषध लावलं, ना गरम इस्त्री. याच दिवसासाठी वाढवलेत, म्हणाली. मी म्हटलं, अगं, कुरळे तर रोजच असतात. ती म्हणाली, ठेवते.

नाही असं म्हणाली नाही. नोंद करून ठेवतो.

शनिवार, २० एप्रिल
सरावासाठी प्लॅस्टिकचं डोकं विकत आणलं. इस्त्री लावली तर केस वितळून इस्त्रीलाच चिकटले. दुकानभर धूर. खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर पळालं. दुसऱ्या खुर्चीवर पर्नेल काम करतो, एकोणीस वर्षांपासून. तो म्हणाला, अमोस, नवरी सजवतोयस की कोंबडी भाजतोयस? सगळे हसले. केस खोटे आहेत हे विकणाऱ्याने सांगायला हवं होतं.

रविवार, २१ एप्रिल. ईस्टर
ओडेसाकडे जेवण. हॅम, पालेभाजी, मॅकरोनी. कॉरिनचा होणारा नवरा डेस्मंडही होता. मुलगा बरा आहे, मला सर म्हणतो. त्याला रंगवून सांगितलं, दर शनिवारी ही इवलीशी माझ्या गुडघ्यांमध्ये बसायची आणि मी वेण्या घालायचो.

 मग ओडेसा म्हणाली, एकदाच घातल्यास. शाळेच्या फोटोच्या दिवशी. केस सरळ करायला तापलेली फणी लावून पोरीचा कान भाजलास. कॉरिनने कानाच्या पाळीला हात लावला आणि म्हणाली, ममा, मॅकरोनी दे. ओडेसाला ममा म्हणते. लहानपणची सवय, दुसरं काही नाही.

तो डाग जन्मखूण आहे असंच मी समजून चाललोय. ओडेसा एकाहत्तरची आहे, विसरते.

मग तिने डेट्रॉइट काढलं. दर वेळी काढते. लोरेन गेल्यावर मी कामासाठी डेट्रॉइटला गेलो, पोर तिच्याकडे ठेवून. दीड वर्ष. ओडेसा म्हणते नऊ. मी मधूनमधून यायचो, ते ती धरतच नाही.

शुक्रवार, १० मे
सूट घेतला. साय रंगाचा, आतून जांभळं अस्तर. मुलीला हाताला धरून वेदीपर्यंत नेणाऱ्याचे कपडे साधे नकोत. दुकानात दारापासून बेसिनपर्यंत चालून पाहिलं. चौदा पावलं. चर्चमध्ये बावीस भरतील. डावा खांदा जरा मागे ठेवला की रुबाब येतो. पर्नेल म्हणाला, तिने विचारलंय का तुला? मी म्हटलं, अशा गोष्टी विचारत नाहीत.

रविवार, १२ मे
तरी आपलं विचारून घेतलं. कॉरिन म्हणाली, बघू. म्हणजे नव्वद टक्के हो.

शनिवार, २५ मे. सायंकाळी ६.४०
वेळ मुद्दाम लिहितोय.

कॉरिनचे केस एरवी ओडेसा करते. पण तिची बोटं संधिवाताने आखडलीत. आठ जूनला बायकांचा समारंभ आहे, नवरीला भेटवस्तू देण्याचा. शावॉनला त्या आठवड्यात वेळ नाही. मी लगेच म्हटलं, मी आहे ना.  कॉरिन फोनवर म्हणाली, फक्त धुवायचे आणि ओले असतानाच पीळ घालायचे. ड्रायर नाही, इस्त्री नाही, गरम काहीही नाही. काय नाही? मी म्हटलं, गरम काही नाही. म्हणाली, परत म्हणा. परत म्हटलं.

मग म्हणाली, थँक यू, डॅडी.

डॅडी.

दुकानाचं शटर ओढलं आणि थोडा वेळ आत नुसताच बसलो. फार आनंद झाला. इतका की भीतीच वाटली.

गुरुवार, ६ जून
निश्चय: उद्या शब्दाबाहेर जायचं नाही. खोबरेल, शिया बटर, रुंद दातांची फणी, स्वच्छ टॉवेल. दहा क्लिपा. खुर्चीला नवी उशी.

शुक्रवार, ७ जून
आजचा दिवस जगलो म्हणायला हवं.

कॉरिन रात्रपाळी करून थेट आली. पर्नेलला सुट्टी देऊन ठेवली होती. धुतले. काय केस आहेत! ढगात हात घातल्यासारखं. पीळ घालायला घेतले. पाचव्या पिळाला ती झोपली, मान माझ्या हातावर टाकून. लहानपणीसुद्धा अशीच झोपायची. (असणार.)

दोन तासांत अर्धं डोकं झालं. माझीही बोटं दुखायला लागली. आणि झोपेत तिचं तोंड हुबेहूब लोरेनचं दिसलं. आमच्या लग्नाच्या सकाळी माझ्या आईने स्वयंपाकघरात बसवून लोरेनचे केस पितळी फणीने सरळ केले होते. ती फणी माझ्याच खणात आहे. मागच्या खोलीत गॅस आहे. विचार केला, आपण कशा दिसू हे माहीत नाही म्हणून ही नाही म्हणतेय. एकदा आरशात आईला पाहील आणि मग म्हणेल, डॅडी, लग्नातही असेच करा.

फक्त पुढचे करायचे ठरवलं होतं. पण पुढचे सरळ आणि मागचे कुरळे हे बरं दिसेना. मग घातलेले पीळ सोडवले आणि सगळेच केले. फणी चांगली लाल केली, एकाच फेरीत काम व्हावं म्हणून. जरा धूर आला. ती वाफ होती, केस थोडे ओले होते.

एक वाजता जागी झाली. आरशात पाहिलं. एक बट हातात घेतली. मग तोंडावर दोन्ही हात ठेवून रडायला लागली. खूप रडली. मलाही भरून आलं. मी म्हटलं, आईसारखी दिसतेस. ती बॅग उचलून गेली.

आनंदाश्रू. बापाच्या हातची कमाल.

शनिवार, ८ जून
समारंभाला मला बोलावणं नव्हतं. बायकांचाच असतो.

सोमवार, १० जून
ओडेसाचा फोन. ओरडत होती, निम्मं समजलं नाही. समजलं ते असं: कॉरिनने तीनदा केस धुतले. परवा रात्री टबात तासभर पाण्यात डोकं घालून बसली. मागचे थोडे वळले. पुढचे आणि टाळूवरचे काही केल्या परत वळत नाहीत, सुतळीसारखे लोंबतायत.

मी म्हटलं, तीन धुण्यांनंतरही सरळ? ओडेसा, एवढं टिकाऊ काम मेम्फिसमध्ये दुसरं कोणी करून दाखवावं!  तिने फोन बंद केला. कौतुक करायला जड जातं तिला.

पर्नेलला सांगितलं. त्याने वस्तरा खाली ठेवला. म्हणाला, अमोस, ते केस तू जाळलेस. मेले ते. ते आता कधीच वळणार नाहीत, कापूनच टाकावे लागतात. मी म्हटलं, पुरुषांची डोकी भादरणाऱ्याला बायकांच्या केसांतलं काय कळतंय. तो म्हणाला, माझ्या चार बहिणी आहेत, गाढवा.

बुधवार, १२ जून
कळलं ते असं की शावॉननेही हात टेकले. निम्मे कुरळे, निम्मे काठीसारखे, यांचं काही बांधता येणार नाही म्हणाली. मोती गळून पडतील.

मला लगेच उपाय सुचला. मागचे उरलेलेही सरळ करून टाकायचे, म्हणजे सगळं एकसारखं. कॉरिनच्या फोनवर निरोप ठेवला, अगदी प्रेमाने. शेवटी म्हटलं, काळजी करू नकोस, डॅडी आहे. उत्तर नाही. हॉस्पिटलात रेंज नसते.

रविवार, १६ जून. फादर्स डे
फोन सकाळपासून जवळ ठेवला. चर्चमध्येही बंद केला नाही.
दुपारी ३. फोन बिघडलाय वाटतं.
दुपारी ३.१०. दुकानाच्या फोनवरून स्वतःलाच लावून पाहिला. वाजला. म्हणजे तिचा बिघडलाय.
रात्री ९. झोपतो.

बुधवार, १९ जून
कॉरिन दुकानात आली! स्वतःहून! डोक्याला रुमाल घट्ट बांधला होता. दुकानात पाच-सहा माणसं. सगळ्यांदेखत मी खुर्ची पुसली, अंगावर घालायचं कापड झटकलं, म्हटलं, या नवरीबाई.

ती माझ्यासमोरून गेली आणि पर्नेलच्या खुर्चीत बसली.

रुमाल सोडला. म्हणाली, मिस्टर पर्नेल, सगळे काढा, अर्धा इंच ठेवा. पर्नेलने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, कॉरिन, त्याच्या खुर्चीची पाय ठेवायची फळी सैल आहे, इकडे ये. ती आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, तुमची खुर्ची मला माहीत आहे.

माणसं वर्तमानपत्रात बघायला लागली. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

पर्नेलने तासभर घेतला. एरवी वीस मिनिटांत उडवतो. कानामागे तर श्वास रोखून मशीन फिरवलं. मला काम नव्हतं, म्हणून झाडू घेतला. सहा वर्षांचे केस, दोन सुपल्या भरल्या. पुढचे जळके होते ते हातात घेतले की तुटत होते. तेव्हा पहिल्यांदा वाटलं की पर्नेल म्हणतो त्यात तथ्य असेल. थोडंफार.

कान उघडा पडला. डाग आहे. जन्मखूण अशी नसते.

जाताना तिला विचारलं, शनिवारी मी कुठे उभा राहू? म्हणाली, उभे कशाला राहता? दोनला या, बसा कुठेही.

गुरुवार, २० जून
रात्रभर विचार केला. कुठेही बसा म्हणाली. म्हणजे मला मोकळीक दिली, आणि बोलावलं तर आहेच. राग असता तर येऊ नका म्हणाली असती. वेदीपर्यंत कोणीही नेऊ दे, त्यात काही नाही. पण आमच्या चर्चमध्ये पास्टर विचारतात, या मुलीला कोण देतंय? त्याला उत्तर बापच देतो. ते तिने माझ्याकडून काढून घेतलेलं नाही. ते माझंच आहे.

निश्चय: दोनच शब्द. मी देतो. घसा खाकरून, खड्या आवाजात. पंधरा वेळा म्हणून पाहिले.

शनिवार, २२ जून
साय रंगाचा सूट घातला. चौथ्या बाकावर कडेला बसलो, उठायला सोपं म्हणून.

ओडेसाने तिला आणलं. आखडलेल्या बोटांत तिचा हात घट्ट धरून, काठी न घेता चालली. कॉरिनच्या डोक्यावर ना मोती होते, ना व्हेल. अर्धा इंच केस आणि लांब मान. लोक उठून उभे राहिले आणि कोणीतरी मोठ्यांदा म्हणालं, देवा रे, काय दिसतेय पोर. खरंच तशी दिसत होती.

पास्टरांनी विचारलं, या मुलीला कोण देतंय?

मी उठलो. म्हणालो, मी देतो. चांगल्या खड्या आवाजात.

पुढे ओडेसाचं तोंड उघडंच राहिलं होतं, तिचा शब्द निघायचा होता. सगळं चर्च माझ्याकडे वळलं. डेस्मंडसुद्धा वळला. कॉरिन तेवढी वळली नाही. पास्टर म्हणाले, बंधू अमोस, खाली बसा. हळू म्हणाले, पण त्यांच्या कोटाला माइक लावलेला होता. मग त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला, आणि ओडेसा म्हणाली, मी.

मी बसलो.

मागच्या बाकावर डेस्मंडकडच्या दोन बायका होत्या. एकीने विचारलं, हा कोण गं? दुसरी म्हणाली, न्हावी आहे, कोपऱ्यावर दुकान आहे त्याचं.

पहिली म्हणाली, अस्सं! नवरीचे केस काय सुरेख कापलेत.

दुसरी म्हणाली, नाही नाही, ते याने नाही कापले.