मोठ्याने म्हणायची पायरी

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. धाकट्याच्या ट्रेनिंगला घरातलं कोणीतरी खंबीर माणूस लागतं, आणि घरात खंबीर मी. ही म्हणाली, खंबीर माणसाने आधी चष्मा शोधावा. चष्मा फ्रिजमध्ये होता. कोणी ठेवला देव जाणे.

धाकटा माझा सख्खा भाऊ. सहा वर्षांपूर्वी त्याला नसलेले आवाज ऐकू यायला लागले आणि नोकरी गेली. गोळ्यांनी आवाज बसले, पण लक्ष टिकत नाही, सांगितलेलं निसटतं. डॉक्टर म्हणाले, त्याला गोळी नाही, सराव आहे. म्हणून तो सरावासाठी पुनर्वसन केंद्रावर जातो. ७ एप्रिलपासून ग्रंथालयात कामाची चाचणी, परत आलेली पुस्तकं जागेवर लावायची. मात्र ट्रेनिंगवाल्या बाईंनी पत्र दिलं तरच.

पत्र मी मिळवून देणार. संकल्प: पहाटे पाचला उठणे, त्याचा रोज तासभर सराव घेणे, आवाज न चढवणे.

४ मार्च. सकाळी ८.४०
पाचला उठायचं राहिलं. गजर संध्याकाळच्या पाचचा लागला होता. घड्याळ बिनकामाचं आहे. धाकटा आंघोळ उरकून वही घेऊन बसला होता. म्हणाला, दादा, तासभर होऊन गेला.

५ मार्च, बुधवार
त्याच्याबरोबर केंद्रावर गेलो. चार कॉम्प्युटर, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पंखा, तोही बंद. बाईंची पद्धत तीन पायऱ्यांची. काम करताना आधी मोठ्याने म्हणायचं, "कपाट चार, फळी दोन." मग पुटपुटायचं. मग नुसतं मनात. मी शंका काढली की ग्रंथालयात मोठ्याने बोलायला बंदी असते. बाई म्हणाल्या, म्हणून तर तिसरी पायरी. मी शंका मागे घेतली नाही, फक्त पुढच्या वेळेसाठी राखून ठेवली.

डॉक्टरांनी धाकट्याला विचारलं, आवाज अजून येतात का? तो म्हणाला, एकच येतो, दादाचा. सगळे हसले. विनोदबुद्धी शाबूत आहे, चांगलं लक्षण. नोंद केली.

७ मार्च
आज 'ब्रिजिंग' होतं. मी पत्त्यांचा कॅट घेऊन गेलो. तिथे कळलं की ब्रिजिंग म्हणजे केंद्रात शिकलेलं घरी कसं वापरायचं, याची चर्चा. मग आधी तसं सांगायचं ना!

१० मार्च, सोमवार
गृहपाठाच्या शीट मिळाल्यात. पानभर इंग्रजी आकड्यांतले सगळे सात खोडून खाली उतरवायचे, वीस शब्द वाचून झाकून लिहायचे, दोन चित्रांतला फरक ओळखायचा. धाकटा एकेक आकडा बोटाने धरून जातो. बघून माझाच जीव वर-खाली होतो. या वेगाने पत्र कधी मिळणार?

उपाय सुचला. यापुढे त्याच्या शीट मीच भरीन. तो झोपला की भरायच्या आणि त्याच्या फाइलमधल्या बदलून ठेवायच्या. ही फसवणूक नाही, आधार आहे. संशय नको म्हणून तीन चुका मुद्दाम ठेवणार.

१४ मार्च, शुक्रवार
बाईंनी शीट तपासल्या. अकरा चुका. तीन माझ्या मुद्दाम. उरलेल्या आठ छपाईच्या असणार. सात आणि एक यात फरकच दिसत नाही हल्ली.

वीस शब्दांपैकी मला सहा आठवले. त्यातला 'पोपट' यादीत नव्हताच म्हणे. असायला हवा होता.

१९ मार्च
सतरा चुका. बाई चिंतेत. म्हणाल्या, कॉम्प्युटरवर इतका छान करतो, घरी असं का होतंय? घरात काही ताण आहे का? मी ठामपणे सांगितलं, घरात ताण नाही, मी आहे.

२१ मार्च, शुक्रवार. दुपारी ४
बाईंनी पत्र थांबवलं. अशा शीट असतील तर ग्रंथालयाची घाई नको, म्हणाल्या. डॉक्टर गोळ्यांचा डोस वाढवण्याचं बोलत होते. मागच्या वेळी डोस वाढवला तेव्हा धाकटा दोन महिने दिवसभर पेंगत होता.

घरी आल्यावर त्याने ग्रंथालयासाठी शिवून आणलेला शर्ट घडी करून कपाटात ठेवला. मला फार वाईट वाटलं. खरं सांगायचं तर लाज वाटली.

उद्याच बाईंना फोन करून सगळं सांगणार. ठरलं.

२२ मार्च
फोन केला. बिझी लागला.

२४ मार्च
फोन केला नाही. पण करण्याच्या फार जवळ आलो होतो. आधी कच्चा मसुदा लिहायला घेतला. तीन पानं झाली, कबुली अजून आलेली नाही.

२६ मार्च, बुधवार
सगळं बाहेर पडलं, आणि तेही धाकट्याकडून. बाईंच्या टेबलावर त्याने माझी एक शीट आणि मी रद्दीत टाकलेली त्याची एक शीट शेजारी शेजारी ठेवली. म्हणाला, फरक ओळखा. त्याचा सात साधा असतो. माझ्या साताला मध्ये आडवी रेघ. शिवाय चहाच्या कपाचं वर्तुळ, आणि तो चहा पीत नाही.

बाईंनी सात फरक शोधले. धाकट्याने नऊ.

मी म्हटलं, मी तुझ्यासाठीच केलं रे. तो म्हणाला, माहितीये, पण माझ्या चुका मलाच करू दे ना, दादा. त्या कमी असतात.

डोस वाढणार नाही. पत्र मिळालं.

२ एप्रिल
धाकट्याचा शेवटचा प्रोजेक्ट: एका माणसाला ही पद्धत शिकवायची. त्याने मला निवडलं. माझं कर्तृत्व पाहून असणार. ही म्हणाली, पाहूनच.

त्याची वही चुकून उघडी दिसली. एक पान माझ्या नावे: चष्मा, गॅस, चावी, गजर. वरची तारीख मागच्या वर्षाची. म्हणजे वर्षभर गॅस तोच बंद करत होता, आणि मी समजत होतो की मी त्याला सांभाळतोय.

७ एप्रिल, सोमवार. सकाळी ९
तो कामावर गेला. शर्ट शोभला. शपथ: काही झालं तरी ग्रंथालयाच्या आसपास फिरकणार नाही.

९ एप्रिल, बुधवार. दुपारी ३
बाहेर निघताना शिकवल्याप्रमाणे सगळं केलं. मोठ्याने म्हटलं, "गॅस बंद." मोठ्याने म्हटलं, "चावी घेतली." समाधानाने दार ओढलं. चावी आत. म्हणण्याच्या नादात घ्यायची राहिली.

ही ऑफिसात, फोन उचलेना. दुसरी चावी धाकट्याकडे. गेलो.

तो ढकलगाडीवरून पुस्तकं उचलून लावत होता. ओठसुद्धा हलत नव्हते. तिसरी पायरी! मला इतका आनंद झाला की दारातूनच हाक मारली. अख्ख्या हॉलने मान वर केली. ग्रंथपालबाईंनी त्याला विचारलं, हे कोण? तो म्हणाला, माझे दादा, यांना मी शिकवतोय.

चावी हातात दिली. मी तिथेच सुरू केलं, "चावी घे..." त्याने ओठांवर बोट ठेवलं. कानात म्हणाला, तुझी अजून पहिली पायरी आहे, दादा, बाहेर जाऊन म्हण.

बाहेर आलो. ग्रंथालयाच्या पायरीवर उभा राहिलो, चावी आधी मुठीत धरली आणि मगच म्हटलं, "चावी घेतली." जाणारे-येणारे बघत होते. बघू देत. पुन्हा एकदा म्हटलं.