रममध्ये मुरलेली बोरं

किंग्स्टन,
१२ फेब्रुवारी १९८४

ती. सुमिंत्रामावशीस,
कॅमिलचा सा. न. वि. वि.

तू त्या दिवशी भरल्या ताटावरून उठून गावची बस पकडलीस, तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. ओनीलच्या आईने, मिस आयसिल्डांनी, आमच्या लग्नाच्या केकसाठी वर्षभर रममध्ये बोरं मुरवली. बरणी कौतुकाने सगळ्यांपुढे ठेवली आणि म्हणाल्या, "कुली नवरीसाठी कुली प्लम." अगं, त्या फळाला सगळे तेच म्हणतात. बाजारात मीही तेच मागते. त्यांच्या मनात काहीच नव्हतं.

आई गेल्यापासून तूच माझी आई. तू आली नाहीस तर चर्चमध्ये माझी ओढणी कोण सावरणार?

तुझा रुसवा निघायची वाट पाहणारी,
कॅमिल

साव-ला-मार,
२० फेब्रुवारी

चि. कॅमिल हीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. माझ्या गुडघ्याची चौकशी केली नाहीस, तरी सांगते, तो तसाच आहे.

त्यांच्या मनात काही नव्हतं, हे मलाही कळतं. पण देशातून बोटीने आणलेल्या आपल्या मजुरांना, तुझ्या आजोबांनाही, उसाच्या मळ्यावर मुकादम याच 'कुली' शब्दाने हाक मारायचा. त्यांचं नाव विचारायची तसदी कुणी घेतली नाही. शाळेत पोरं हीच बोरं आम्हाला फेकून मारायची आणि तोच शब्द ओरडायची. माझी आजी या फळाला बैर म्हणायची. ती गेल्यावर हा शब्द मी फक्त अंगणातल्या झाडापाशी बोलते.

तुझ्या लग्नात तो केक हसत खाणं मला जमायचं नाही. ओढणी शिवून झाली की बस ड्रायव्हरबरोबर पाठवीन.

रागातही तुझीच,
मावशी

किंग्स्टन,
२७ फेब्रुवारी

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुला न विचारता तुझं पत्र मिस आयसिल्डांना वाचून दाखवलं. हवं तर चार शिव्या दे.  मग म्हणाल्या, "माझ्या आजीला, गुलामांच्या नातीला, मळ्यावर काय म्हणायचे, ते मी अजून तोंडातून काढलेलं नाही. मला कळायला हवं होतं."

शनिवारी त्या तुझ्याकडे येताहेत. कुत्रा बांधून ठेव, गं. आणि गुडघ्याला तेल लाव.

धाकधूक होत असलेली,
कॅमिल

साव-ला-मार,
५ मार्च

चि. कॅमिलला आशीर्वाद.

बाई आली. चर्चची टोपी घालून, बरणी छातीशी धरून फाटकाशी उभी. कुत्र्याने तिचा हात चाटला, एवढा तो बेइमान. फळाचं नाव तुमच्या तोंडून ऐकायला आले, म्हणाली. मी सांगितलं. तिच्या तोंडी त्याचं बीअर होतं. पाद्र्यासमोर जपून बोल, असं बजावलं.

निघताना झाडाकडे बघून तिच्या तोंडून जुना शब्द गेलाच. लगेच तोंडावर हात ठेवून ती तिथल्या दगडावर बसली. रडकुंडीलाच आली होती. मी तिला उठवून आत आणलं. जन्मभराची सवय एका दुपारी कशी जाणार? बरणी उघडून आम्ही चव घेतली. जरा जास्तच घेतली. मुरलीत छान.

ओढणी ड्रायव्हरबरोबर येणार नाही, मी घेऊन येईन. पुढच्या बाकावर जागा धर, मिस आयसिल्डाच्या शेजारी. केकमध्ये काय घातलंय असं कुणी विचारलं, तर ती सांगणार. चुकली, तर मी तिथेच आहे.

तुम्हा दोघांवर माया आहेच, वाढत राहो.

तुझी,
मावशी