चौकोनात न मावलेले हे

मंगळवार, संध्याकाळ

हे असतानाची एक सकाळ. शेण काढून, वैरण टाकून मी धारेला बसले होते. मध्ये म्हैस, आणि पलीकडे रेडकू धरून हे उभे, माझ्याकडे बघून हसत. शुभानं, माझ्या लेकीनं, तेवढ्यात फोटो काढला. ह्यांचा हसरा असा तो एकच. हे गेल्यावरचा ह्यांचा आज पहिला वाढदिवस, म्हणून सकाळी तो फोटोंच्या साइटवर टाकला.

साइटनं आडव्या फोटोचा चौकोन केला. मध्ये म्हैस, डावीकडे मी अर्धी, आणि ह्यांचं नुसतं कोपर. मलकापूरच्या भाऊजींनी खाली लिहिलंय, "वैनी, म्हस लई झ्याक हाय की! दूध किती देतीया?" ह्यांचा सख्खा भाऊ. त्यालाही कोपर दिसलं नाही?

शुभाला फोन केला. म्हणाली, "आई, ती आपोआप मधलंच दाखवते. बोट ठेवलं की सगळा फोटो उघडतो." पण बोट ठेवतंय कोण? मग तिनं सगळं मावेल असा बारीक करून पाठवला, तर ह्यांचं तोंड तांदळाएवढं. "नुसते बाबाच ठेवू का?" म्हणाली. मग ते हसतायत कुणाकडं बघून? नाहीतर टाकलेला फोटोच काढून टाकायचा, तेही आजच्या दिवशी? माझ्याच्यानं होत नाही. दिवसभर ते कोपर बघत बसलेय.

बुधवार

सकाळच्या एसटीनं मलकापूरला गेले. भाऊजींपुढं फोन धरला आणि म्हटलं, "आता हितं बोट ठेवा."