बाबांच्या होडीची तजवीज

मी, लुचे झुआनिच, वय पंचावन्न, राहणार कोमिझा, विस बेट, मासळी डबाबंद करण्याच्या कारखान्यातली माजी कारकून आणि स्प्लिटच्या एका विनोदी साप्ताहिकाची तेवीस वर्षांची लेखिका, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. पोट नाही. डॉक्टरांच्या मते ते मला नाताळ दाखवणार नाही. हे लिहायला माझ्यावर कोणाचं दडपण नाही. लग्न केलं असतं तर कदाचित असतं.

कलम १. बंदरासमोरचं घर शेजारीण टोंका हिला द्यावं. आजारपणात तिनं मला आंघोळ घातली आणि गावात कुणाला सांगितलं नाही. कोमिझात यातलं दुसरं काम जास्त अवघड.

कलम २. टेकडीवरचा द्राक्षमळा टोंकाचा मुलगा येर्को याला, मधोमध सैन्यानं बांधलेल्या तोफेच्या ओट्यासकट. आमचं बेट समुद्राच्या अशा नाक्यावर आहे की ग्रीकांपासून इंग्रजांपर्यंत, ज्याच्याकडे गलबतं होती तो इथं ठाण मांडून बसला. बेट सगळ्यांना हवं होतं. त्यावर माणसं राहतात ही सगळ्यांचीच अडचण. शेवटच्यांनी, म्हणजे आमच्याच देशाच्या सैन्यानं, डोंगर पोखरून पाणबुड्यांना बिळं केली आणि परदेशी माणसाला बेटावर यायची बंदी घातली. ओटा फोडू नये. अंजीर वाळवायला छान आहे.

कलम ३. किनाऱ्यावर ताडपत्रीखाली असलेली बाबांची होडी. इथं थोडं लांबेल.

आमच्याकडे सहा डिसेंबरला, संत निकोलाच्या सणाला, एक म्हातारी होडी चर्चसमोर जाळतात आणि तिची राख नव्या होडीच्या तळाशी ठेवतात. आपली होडी थोरल्या मुलाच्या, विचकोच्या हातानं पेटावी, एवढंच बाबांचं मागणं होतं. विचको १९६० साली मित्राच्या होडीतून इटलीला पळाला आणि पुढं अमेरिकेचा झाला. १९७६ च्या ऑगस्टमध्ये बाबा अंथरुणाला खिळले, तेव्हा तो स्प्लिटपर्यंत आला. तिथून कारखान्यात त्याचा फोन आला.

"लुचे, मला बोटीवर चढू देत नाहीत. म्हणे तू परदेशी."

"तू? अरे, तुझ्या नाकावर कोमिझा लिहिलंय!"

"पासपोर्टवर नाही ना लिहिलं."

घरी आले तर बाबा उशीला टेकून बसलेले. "आला?"

"वारा फार आहे बाबा. आज बोट सुटली नाही."

चाळीस वर्षं मासेमारी केलेल्या त्या माणसानं खिडकीबाहेर पाहिलं. समुद्र ताटातल्या तेलासारखा निपचित होता.

"हो गं," ते म्हणाले. "फारच वारा आहे."

चौथ्या दिवशी ते गेले. तोवर रोज वारा होता.

तेव्हापासून दर डिसेंबरला आमचे पाद्री आंद्रो विचारतात, "लुचे, यंदा?"

"विचकोला येऊ दे."

"अगं, वाळवी येऊन गेली, विचको नाही आला!"

१९८९ मध्ये बंदी उठली. मी पडदे धुतले. पहिल्या वर्षी त्याला काम होतं, मग इथं युद्ध होतं, मग त्याचा गुडघा. मागच्या महिन्यात फोनवर मी आजारी असल्याचं सांगितलं. म्हणाला, "पुढच्या उन्हाळ्यात नक्की, लुचे. शपथ." उन्हाळ्यात मी कुठं असेन हे त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. बंदी होती तोवर किती बरं होतं. माझ्या भावाला कोणीतरी अडवलेलं होतं. सैन्यावर मी आयुष्यभर टवाळीचे लेख लिहिले. त्यातले निम्मे आज मागं घेते.

म्हणून सांगते: या सहा डिसेंबरला, मी असो वा नसो, होडी जाळावी. येर्कोनं पेटवावी आणि राख त्याच्या नव्या होडीत ठेवावी. ताडपत्री आधी काढावी, ती चांगली आहे.

विचकोला तारीख कळवू नये. कळवली तर बिचाऱ्याला आणखी एक कारण शोधावं लागेल, आणि त्याचंही आता वय झालं.

हे सगळं मी स्वतःच्या हातानं लिहिलं, मोठ्यानं वाचून दाखवलं आणि साक्षीदारांसमोर सही केली. पाद्री आंद्रो मध्येच उठून खिडकीशी गेले होते, पण ऐकत होते.

सही: लुचे झुआनिच
साक्षीदार: १. आंद्रो मारिनकोविच, पाद्री
२. डॉ. फिलिपा रोकी
कोमिझा, ३ नोव्हेंबर १९९७