सोमलाचा धूर

ग्रूव्हनेस, १४ नोव्हेंबर १७३५

चिरंजीव एस्किल यास काकाचे प्रेमपूर्वक स्मरण.

प्रभुकृपेने माझी प्रकृती ठीक आहे. तळ्यावर बर्फ धरू लागले आहे. तुझी वहिनी गुनिला हिने तुझ्यासाठी लोकरी मोजे विणून ठेवले आहेत.

तुझे पत्र पावले. काचेला निळा रंग देणाऱ्या आमच्या खनिजात एक नवाच धातू आहे आणि तो लोहचुंबकाकडे ओढला जातो, हे तुझ्या गुरुजींनी स्टॉकहोमला सिद्ध केल्याचे वाचून थक्क झालो. येथे त्या खनिजाला अजून ‘कोबोल्ड’, म्हणजे चांदी चोरणारे खाणीतले भूतच समजतात. दर सोमवारी खनिज भाजण्याची भट्टी पेटण्यापूर्वी, गावचा पाद्री म्हणून, स्तोत्रे गाऊन मीच त्याला हाकलतो, हे तू जाणतोस.

पत्र केव्हा पावले, ते मी लिहिले नाही. तीन आठवडे झाले. ‘खनिज भाजताना लसणासारख्या वासाचा, सोमलाचा विषारी धूर निघतो, दादाला भट्टीवर जाऊ देऊ नका,’ ही तुझी ओळ मी दोनदा वाचली आणि पत्र प्रार्थनापुस्तकात दडवले. एकतीस वर्षांत अकरा भट्टीवाले मी पुरले. प्रत्येकाच्या विधवेला सांगितले, त्याची श्रद्धा उणी पडली. आता त्यांना काय सांगू, या भयाने माझी वाचा बसली.

पुढच्याच सोमवारी तुझा दादा टोर्केल हसत म्हणाला, “काका, तुमच्या भुताच्या तोंडाला लसणाचा वास कसा हो येतो? आधी चूळ भरायला लावा, मग हाकला!”

गुनिलेने विचारले, “भावजींच्या पत्रात काही विशेष?”

“सर्व कुशल,” मी म्हणालो, आणि टोर्केलच्या मस्तकी हात ठेवून त्याला भट्टीवर धाडले.

चार दिवस तो अंथरुणावर आहे. पाणीही पोटात ठरत नाही. आज सकाळी तुझे पत्र मी त्याला वाचून दाखवले.

“म्हणजे भूत नव्हतंच? मग इतकी वर्षं हाकललंत कुणाला?”

मी त्याचे ओठ ओल्या फडक्याने टिपले.

“माझ्याकडे काय बघत बसलात? तिथं अजून सहा जण आहेत. जा की!”

रविवारच्या प्रवचनापर्यंत थांबावे, असे मनात होते. पण खिडकीतून धूर दिसतो आहे. हे टपालवाल्याच्या हाती देऊन, तुझे पत्र घेऊन मी भट्टीवर निघालो. त्या सहांपैकी दोघांचे बाप मी पुरले आहेत. ते मला आपल्या बापांविषयी विचारतील. घाईत लिहितो आहे. अक्षर सांभाळून घे.

वैद्याला घेऊन तातडीने ये.

तुझ्या दादाला ज्याने जाणूनबुजून धाडले, तो,
तुझा काका
हाकान